तेंगानान कसे पाहावे: पूर्व बालीतल्या एका जुन्या गावात जाण्यापूर्वी

बालीला निघालेल्या मराठी प्रवाशांच्या यादीत उबुद, कुता, तनाह लोतचे मंदिर आणि नुसा पेनिदाची बोट ही नावे बहुधा ठरलेली असतात. बेटाच्या पूर्वेला कारांगासेम जिल्ह्यात तेंगानान पेगरिंगसिंगान नावाचे एक गाव आहे. ते या यादीत सहसा नसते, आणि असलेच तर समुद्रकिनाऱ्याकडे जाता जाता अर्ध्या तासाचा थांबा म्हणून असते. अर्ध्या तासात तिथे दगडी रस्ता, पिंजऱ्यातले रंगवलेले कोंबडे आणि विक्रीला टांगलेली कापडे एवढेच दिसते. या गावाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या कायद्यात आणि त्याच्या कापडात आहे, आणि दोन्ही गोष्टी उघड्या डोळ्यांसमोर असूनही आधी थोडी माहिती घेतल्याशिवाय ओळखू येत नाहीत. तेंगानानला कधी जावे, कसे पोहोचावे, काय पाहावे, कसे वागावे आणि कापड घ्यायचे असल्यास काय तपासावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

प्रथम हे गाव कोणाचे, ते समजून घ्यावे. १३४३ मध्ये जावातील मजपहित साम्राज्याने बाली जिंकले आणि त्यानंतर बेटावरचे राजघराणे, वर्णव्यवस्था आणि पूजाविधी हळूहळू बदलत गेले. हा बदल ज्या थोड्या गावांनी पूर्णपणे स्वीकारला नाही, त्या गावांतल्या लोकांना ‘बाली आगा’ म्हणतात, आणि तेंगानान हे त्यांपैकी एक आहे. इथला मुख्य देव इंद्र आहे. गावकरी स्वतःला हिंदू म्हणवतात, पण बालीत इतरत्र प्रसिद्ध असलेला दहनाचा भव्य सोहळा इथे नसतो, कारण तेंगानानमध्ये मृतांना पुरले जाते. बालीतल्या इतर गावांतल्यासारखे वर्णभेदही इथे नाहीत. त्यामुळे आपल्याकडचा हिंदू धर्म किंवा उबुदला पाहिलेला बालीचा हिंदू धर्म गृहीत धरून इथे प्रश्न विचारू लागलो, तर उत्तरे चुकीच्या चौकटीत बसवली जातात. आधी ऐकून घ्यावे आणि मग जुळवणी करावी, हा क्रम इथे फार उपयोगी पडतो.

दिवस ठरवणे आणि पोहोचणे

भारतीय पारपत्रधारकांना बालीच्या विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा प्रवेशपरवाना मिळतो, आणि फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना प्रत्येकी दीड लाख इंडोनेशियन रुपियांचा वेगळा पर्यटन कर भरावा लागतो. हे नियम आणि रकमा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्याव्यात. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो. एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ फिरण्यास सोयीचा असतो. मार्चच्या सुमारास येणाऱ्या न्येपी या मौनाच्या दिवशी संपूर्ण बेट बंद असते, अगदी विमानतळसुद्धा, आणि पर्यटकांनाही निवासाबाहेर पडता येत नाही. तो दिवस प्रवासाच्या आखणीतून वगळावा.

तेंगानानसाठी मात्र ऋतूपेक्षा गावाचे स्वतःचे पंचांग अधिक महत्त्वाचे आहे. ‘उसाबा सांबाह’ हा इथला सर्वांत मोठा उत्सव गावाच्या पंचांगातील पाचव्या महिन्यात होतो आणि तो बहुधा मे-जूनच्या आसपास येतो. महिनाभर चालणाऱ्या या उत्सवात पूजा, नृत्ये, लाकडी पाळणे आणि काटेरी पानांची लढत असे बरेच काही असते. पण गावाचे पंचांग बालीतल्या इतर ठिकाणच्या पंचांगाशी जुळत नाही, त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखेवरून अंदाज बांधून विमानाची तिकिटे काढू नयेत. तारखा निश्चित झाल्या की जवळच्या चांदीदासा या किनाऱ्यावरच्या गावातील निवासस्थाने आणि स्थानिक वाटाडे त्या सांगू शकतात. माझे मत विचाराल तर, कापड आणि गाव समजून घेण्यासाठी उत्सवाचा काळ टाळावा, आणि उत्सव पाहण्यासाठीच जायचे असेल तर कापडाची खरेदी वेगळ्या दिवशी करावी. गर्दीच्या दिवशी विणकरांकडे बोलायला वेळ नसतो, आणि त्यांनी तो काढावा अशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

विमानतळापासून पूर्व किनाऱ्याच्या महामार्गाने, पादांगबाई बंदराचा फाटा ओलांडून, चांदीदासाच्या दिशेने जावे. चांदीदासाच्या अलीकडे डावीकडे, म्हणजे डोंगराच्या बाजूला, तेंगानानचा रस्ता फुटतो आणि तीन-चार किलोमीटरवर गावाच्या प्रवेशद्वाराशी येऊन संपतो. रहदारी फार नसेल तर विमानतळापासून दोन तासांच्या आसपास लागतात. सार्वजनिक वाहनांवर विसंबून हा प्रवास करणे अवघड आहे, म्हणून चालकासह मोटार दिवसभरासाठी ठरवणे सोयीचे पडते. दुचाकी भाड्याने घेणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आणि शिरस्त्राण दोन्ही जवळ ठेवावे. नुसता भारतीय परवाना पुरत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीही नेमके हेच विचारते.

गाडी ठरवताना चालकाला गावाचे पूर्ण नाव सांगावे, कारण जवळच, ओढ्याच्या पश्चिमेला, तेंगानान दाउह तुकाद नावाचे दुसरे गाव आहे. तेही पाहण्यासारखे आहे आणि तिथेही पानांची लढत होते, परंतु ‘गेरिंगसिंग’ या हातविणीच्या सुती कापडासाठी प्रसिद्ध असलेले गाव म्हणजे तेंगानान पेगरिंगसिंगान.

मुक्काम चांदीदासात करावा आणि सकाळी लवकर गावात पोहोचावे, हे मी आग्रहाने सांगेन. सहलींच्या गाड्या येण्यापूर्वीच्या दोन तासांत गाव आपल्या कामात असते. अंगण झाडणे, कोंबड्यांचे वेताचे पिंजरे रस्त्यावर उन्हात आणून ठेवणे, देवापुढे नैवेद्याची पाने मांडणे हे सगळे तेव्हा दिसते. शाकाहारी प्रवाशांनी चांदीदासातच जेवणाची सोय पाहावी. भाज्या, टोफू किंवा टेंपेह मागवला तरी वाटणात ‘तेरासी’, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा ठेचा असू शकतो, म्हणून ‘तान्पा तेरासी, तान्पा इकान’ (तेरासी नको, मासे नकोत) असे स्पष्ट सांगावे.

गावात फिरताना

गावाच्या दक्षिणेकडील अरुंद प्रवेशद्वारापाशी एका टेबलावर वही ठेवलेली असते. तिथे नाव लिहून देणगी द्यायची असते. ही रक्कम तिकीट नव्हे, गावाच्या सामायिक निधीत जाणारी देणगी आहे, म्हणून ती देताना हात आखडू नये. त्याच ठिकाणी गावातीलच एखादा वाटाड्या मिळू शकतो. दुसऱ्या गावातून आलेला चालक वाटाड्याचे काम करू म्हणत असला, तरी इथे गावातल्याच माणसाला सोबत घ्यावे, कारण गावाचे नियम त्यालाच ठाऊक असतात आणि कोणत्या घरात आत जाणे योग्य हेही तोच सांगू शकतो.

आत शिरल्यावर गावाची मांडणी आधी पाहावी. तिन्ही बाजूंना डोंगर, दक्षिणेला समुद्राकडे उघडणारी वाट, आणि त्या अक्षावर उत्तर-दक्षिण जाणारे तीन समांतर रुंद रस्ते, अशी ही रचना आहे. हे रस्ते दगडांनी बांधलेले असून उतारावर टप्प्याटप्प्याने वर चढत जातात. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती आणि अरुंद दारे दिसतात, आणि रस्त्याच्या मध्यभागी सामूहिक वापराच्या मंडपांची ओळ लागते. बालीत दिशांची गणना डोंगराकडची आणि समुद्राकडची अशी होते, आणि डोंगराकडची बाजू अधिक पवित्र मानली जाते. म्हणून रस्ता चढताना आपण समुद्राकडून पवित्र दिशेकडे जात आहोत, हे ध्यानात ठेवले की कोणती इमारत कुठे आणि का आहे ते उलगडू लागते.

दक्षिण टोकाजवळ ‘बाले आगुंग’ हा लांबच लांब, उंच जोत्याचा, भिंती नसलेला सभामंडप आहे. तेंगानानचा कारभार इथूनच चालतो. गावसभेचे सदस्यत्व एकट्या व्यक्तीला मिळत नाही, ते दांपत्याला मिळते, आणि त्यासाठी नवरा-बायको दोघेही याच गावात जन्मलेले असावे लागतात. सभेत बसण्याच्या जागा ज्येष्ठतेनुसार ठरलेल्या असतात. गावाबाहेर लग्न करणाऱ्यांना सभेतले स्थान मिळत नाही. डच अधिकारी आणि अभ्यासक व्ही. ई. कोर्न यांनी १९३३ मध्ये या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन करताना तेंगानानला ‘ग्राम-प्रजासत्ताक’ म्हटले होते. या मंडपाच्या जोत्यावर चढून बसू नये, त्यावर पिशव्या ठेवू नयेत, आणि छायाचित्रासाठी त्याच्या खांबाला टेकून उभेही राहू नये.

गावाच्या कायद्याला ‘आविग-आविग’ म्हणतात. त्याची जुनी प्रत १८४१ च्या आगीत जळाली आणि पुढच्या वर्षी ती नव्याने लिहून काढली गेली. गावाची जमीन सुमारे ९०० हेक्टर असून तिचा मोठा भाग डोंगरावरील जंगल आणि बागायत आहे. ही जमीन गावाबाहेरच्या कोणालाही विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. भातशेती शेजारच्या गावांतील कुळे वाट्याने करतात. या कायद्यातला एक नियम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ड्युरियन, केमिरी (रान-अक्रोड) आणि आणखी दोन जातींची फळे झाडावरून तोडायची नाहीत, ती आपोआप खाली पडली तरच उचलायची, आणि हा नियम झाड ज्याच्या जमिनीत आहे त्यालाही लागू आहे. गावाजवळचे जंगल आजही घनदाट का आहे, याचे उत्तर या एका कलमात बरेचसे सापडते. डोंगरातल्या पायवाटेने जाणार असाल, तर पडलेले फळही वाटाड्याला विचारल्याशिवाय उचलू नका.

या जमिनीची कथाही वाटाड्याकडून अवश्य ऐकावी, कारण इंद्राशी नाते असलेली ती कथा मराठी वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. बेडाहुलू राजाचा यज्ञासाठीचा घोडा हरवला. त्याचे नाव उच्चैःश्रवा, म्हणजे समुद्रमंथनातून निघालेला आणि इंद्राकडे गेलेला तोच घोडा. शोधायला निघालेल्या लोकांना तो या डोंगरात मेलेला सापडला. राजाने त्यांना वचन दिले, की मेलेल्या घोड्याची दुर्गंधी जिथवर पोहोचेल तिथवरची जमीन तुमची. मोजणीसाठी आलेला अधिकारी चालत राहिला आणि वास काही सरेना, कारण सोबत चालणाऱ्या गावच्या म्होरक्याने घोड्याच्या मांसाचा तुकडा वस्त्राखाली लपवला होता. डोंगरात या घोड्याच्या अवयवांशी जोडलेली काही दगडी देवस्थाने आहेत, आणि गावकरी त्यांना पवित्र मानतात. तिथे जायचे असल्यास सोबत गावचा माणूस असावाच.

वागण्याच्या बाबतीत काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. रस्त्यावरून फिरण्यासाठी खांदे आणि गुडघे झाकणारे साधे कपडे पुरतात. देवळात जाण्याची परवानगी मिळाली तर कमरेला सारोंग आणि त्यावर पट्टा बांधावा लागतो. मासिक पाळीच्या काळात स्त्रियांनी देवळात येऊ नये, अशी बालीतली सर्वसाधारण प्रथा आहे आणि देवळांच्या दारावर तसे फलकही असतात. जमिनीवर ठेवलेल्या फुलांच्या द्रोणांना ओलांडू नये. लोकांची, विशेषतः मुलांची छायाचित्रे घेण्यापूर्वी ‘बोलेह फोतो?’ असे विचारावे आणि मान हलली नाही तर कॅमेरा खाली घ्यावा. ड्रोन उडवायचा असेल तर गावप्रमुखांची परवानगी घ्यावी, अन्यथा तो बाहेर काढूच नये. अभिवादन ‘ओम स्वस्त्यस्तु’ असे करतात. ते आपल्याला सहज उच्चारता येते, आणि परक्याच्या तोंडून ते ऐकून पुढचे बोलणे बरेच सोपे होते.

घरांच्या पुढच्या भागात अनेक जण वस्तू विकतात. त्यांपैकी ताडपत्रावरचे काम थांबून पाहण्यासारखे आहे. कारागीर सुकवलेल्या ताडाच्या पानाची पट्टी हातात धरून बारीक सुरीने अक्षरे कोरतो, मग जाळलेल्या केमिरीच्या काजळीचा बोळा त्यावरून फिरवतो आणि जास्तीची काजळी पुसून टाकतो. त्या क्षणापर्यंत जवळजवळ न दिसणारी ओळ काळी होऊन उठून येते. रामायणातील प्रसंग आणि बालीची पंचांगे अशा पट्ट्यांवर कोरलेली मिळतात. ‘आता’ नावाच्या वेलीपासून विणलेल्या टोपल्याही इथे चांगल्या मिळतात. त्या उन्हात वाळवून नंतर नारळाच्या सोडणाच्या धुरात धरतात, त्यामुळे त्यांना तपकिरी रंग येतो. टोपली नाकाशी धरली की धुराचा वास येतो.

काटेरी पानांची लढत

उसाबा सांबाहच्या काळात गेलात, तर ‘मकारे-कारे’ पाहायला मिळेल. केवड्याच्या जातीच्या काटेरी पानांची एक छोटी जुडी एका हातात आणि वेलीने विणलेली ढाल दुसऱ्या हातात घेऊन, उघड्या अंगाचे दोन गडी समोरासमोर येतात, एकमेकांना भिडतात आणि काट्यांनी पाठ ओरबाडतात. एक लढत फार वेळ चालत नाही. पंच दोघांना वेगळे करतात, दोघेही हसत बाहेर पडतात आणि पुढची जोडी उतरते. यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. सांडणारे रक्त इंद्राला वाहिलेले असते, आणि म्हणूनच या विधीकडे कुस्तीच्या फडासारखे पाहणे योग्य ठरत नाही. सोबत ‘सेलोंदिंग’ वाजत असते. लोखंडी पट्ट्यांचे हे वाद्य पवित्र मानले जाते, त्याला परक्याने हात लावायचा नसतो. नंतर पाठीतले काटे काढून हळद, कुळिंजन आणि व्हिनेगर यांचा लेप लावतात, आणि लढणारे सगळे एकत्र बसून जेवतात.

पाहुण्याने दुपारच्या लढतीसाठी सकाळीच जाऊन जागा धरावी. मंचाला खेटून उभे राहण्याचा हट्ट मात्र करू नये, कारण पुढची जागा गावकऱ्यांची आणि वाद्यवृंदाची असते. बाहेरच्या पुरुषांनाही कधीकधी लढण्याचे आमंत्रण मिळते. ते स्वीकारण्यापूर्वी हा देवाचा विधी आहे आणि जखमा खऱ्या असतात, हे मनाशी पक्के करावे. रक्त गोठण्याचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर मुळीच उतरू नये. उत्सवात अविवाहित मुली गेरिंगसिंग नेसून आणि केसांत सोन्याची फुले माळून लाकडी पाळण्यात बसतात, आणि मुलगे तो पाळणा हातापायांच्या जोराने फिरवतात. कापड मुळात कशासाठी विणले जाते ते पाहायचे असेल, तर त्या दिवशी लढतीपेक्षा या मुलींकडे अधिक लक्ष द्यावे.

गेरिंगसिंग ओळखणे आणि विकत घेणे

गेरिंगसिंग हे दुहेरी इकत कापड आहे. विणण्यापूर्वीच उभे आणि आडवे, म्हणजे ताण्याचे आणि बाण्याचे, दोन्ही धागे नक्षीनुसार बांधून रंगवलेले असतात, आणि विणताना दोन्हींवरचे रंग नेमके एकमेकांवर आणावे लागतात. ही कला जगात फार थोड्या ठिकाणी टिकली आहे. त्यांत भारत आणि जपान आहेत, आणि इंडोनेशियात हे एकच गाव आहे. गुजरातमधील पाटणचा पटोला रेशमी असतो, गेरिंगसिंग सुती. पटोला शतकानुशतके व्यापारी जहाजांतून या बेटांवर जात होता आणि तिथे राजघराण्यांत व विधींत त्याला मोठा मान होता. तेलंगणातील तेलिया रुमाल ज्यांनी हाताळला आहे, त्यांना गेरिंगसिंगची रीत चटकन समजेल, कारण दोन्हींत रंगाआधी सुताला तेल पाजतात.

तेंगानानमध्ये हे तेल केमिरीचे, म्हणजे रान-अक्रोडाचे असते. तेल आणि राखेचे पाणी यांच्या मिश्रणात सूत किमान सहा आठवडे मुरवतात. त्याने सुताला पिवळसर झाक येते आणि पुढचा लाल रंग धरून ठेवण्याची ताकद येते. मग धागे चौकटीवर ताणून नक्षीप्रमाणे गाठी बांधतात. निळीचे काम गावात होत नाही. सूत शेजारच्या बुगबुग गावात नीळ चढवण्यासाठी पाठवले जाते. परत आल्यावर काही गाठी सोडून त्यावर लाल रंग चढवतात. हा लाल रंग ज्या झाडाच्या मुळांच्या सालीतून काढतात, ते आपले बारतोंडी, म्हणजेच आल. विदर्भात आणि मध्य भारतात एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग येईपर्यंत लाल सुती कापडासाठी याच आलाची लागवड होत असे. आपल्याकडे ती रंगाई जवळजवळ विस्मरणात गेली, आणि इथे ती आजही चालू आहे. मला या गावाबद्दल सर्वांत जास्त आपुलकी वाटते ती या कारणाने.

जिथे निळीवर लाल चढतो तिथे गडद, काळपट तपकिरी रंग तयार होतो. अशा रीतीने कापडावर पिवळसर पांढरा, लाल आणि काळपट असे तीनच रंग राहतात. लाल पुरेसा गडद होण्यासाठी सूत पुन्हा पुन्हा बुडवून, मधे बरेच दिवस सोडून द्यावे लागते. म्हणून मोठे कापड पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात.

माग पाहायला मिळाला तर घाई करू नका. विणणारी बाई जमिनीवर पाय पसरून बसते. मागाचे एक टोक तिच्या कमरेमागच्या पट्ट्याला बांधलेले असते, आणि ती मागे झुकली की ताणा ताठ होतो. आडवे धागे सैलसर भरत ती थोडे अंतर पुढे जाते, मग ताणा ढिला करून टोकदार हाडाने एकेक धागा इकडे-तिकडे सरकवते, उभ्या धाग्यावरचा लाल ठिपका आडव्यावरच्या लाल ठिपक्याखाली आणते, आणि तेव्हाच फणी ठोकून वीण घट्ट करते. हे सरकवणे एकदा पाहिले, की किंमत का एवढी आहे हा प्रश्न उरत नाही.

खरे कापड ओळखण्यासाठी पुढील गोष्टी तपासा. पहिली म्हणजे उलटी बाजू. पैठणी घेताना आपण जशी ती पाहतो तशीच इथेही पाहावी. गेरिंगसिंगच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या पाहिजेत. एक बाजू फिकी असेल तर ते छापील कापड आहे. दुसरी म्हणजे नक्षीच्या कडा. त्या उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांना किंचित पसरलेल्या, पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. कडा एकाच दिशेला पसरलेल्या असतील, तर ते एकेरी इकत आहे. बालीतले ‘एंदेक’ असेच आडव्या धाग्यांचे एकेरी इकत असते. ते चांगले कापड आहे, पण ते गेरिंगसिंग नव्हे आणि त्याला गेरिंगसिंगची किंमत द्यायची नसते. तिसरी गोष्ट नीट पाहण्यासाठी कापड उजेडासमोर धरावे. जिथे उभा आणि आडवा असे दोन्ही धागे लाल आहेत तिथे रंग भरीव दिसतो, आणि जिथे दोन्हींपैकी एकच लाल आहे तिथे मधली फिकट छटा दिसते. दुहेरी इकतात या छटा जागोजाग असतात. शिवाय वीण थोडी विरळ असते, हाताला कापड सुती आणि जड लागते.

सुंबा आणि फ्लोरेस बेटांवरची एकेरी इकत कापडेही गावातल्या काही दुकानांत टांगलेली असतात. ती विकण्यात काही गैर नाही, मात्र ‘हे याच गावात विणले का, आणि कोणी विणले?’ असे सरळ विचारावे. प्रामाणिक विक्रेता वेगळे असल्यास तसे सांगतो, आणि गेरिंगसिंग असल्यास बहुधा विणणारीचे घर दाखवतो.

नक्ष्यांची नावे माहीत असली की बोलणे पुढे जाते. ‘लुबेंग’मध्ये विंचवाची आकृती असते, ‘चेंप्लोंग’मध्ये मोठ्या फुलाभोवती लहान फुले असतात, ‘वायांग’मध्ये छायानाट्यातील बाहुल्यांसारख्या मानवाकृती येतात. ‘सानान एंपेग’ चौकटींच्या साध्या मांडणीमुळे चटकन ओळखू येते. वायांगसारख्या नक्ष्यांना सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून त्यांची किंमतही त्यानुसार असते.

विधीसाठी वापरायचे कापड मागावरून नळीसारखे सलग निघते आणि त्याचे ताण्याचे धागे कापलेले नसतात. जन्मानंतरचे संस्कार, दात कानशीने घासून सपाट करण्याचा विधी, लग्न आणि मृत्यू या सगळ्या प्रसंगी गेरिंगसिंग लागते, आणि आजारापासून ते रक्षण करते अशी श्रद्धा आहे. एखाद्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेले जुने कापड दाखवले, तर ते पाहून आभार मानावेत. विकत मागू नये.

किमतीचा अंदाज घेताना इंडोनेशियन रुपियांतील शून्यांनी गोंधळून जाऊ नका. दहा लाख रुपिया म्हणजे साधारण पाच ते साडेपाच हजार भारतीय रुपये. एका हाताच्या रुंदीची पट्टीसुद्धा खरी असेल तर त्यापेक्षा फार स्वस्त मिळण्याची शक्यता नाही, आणि मोठ्या कापडांची किंमत याच्या कितीतरी पट असते. थोडी घासाघीस चालते, पण विणणारीच्या काही महिन्यांच्या कामाची किंमत अर्ध्यावर आणण्याचा प्रयत्न करू नये. खर्चाचा बेत आखडता असेल तर लहान पट्टी घ्यावी, तीही खरीच घ्यावी. पैसे रोख न्यावेत, कारण सगळ्या घरांत कार्ड चालत नाही.

घरी आणल्यावर कापड घडी करून कपाटात दाबून ठेवू नका, त्याच घडीवर सूत तुटू लागते. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून त्याची सैल गुंडाळी करावी, डांबराच्या गोळ्या त्याला थेट लावू नयेत, आणि पावसाळा संपल्यावर ते उलगडून सावलीत हवेशीर जागी काही तास पसरावे. धुण्याची गरज सहसा पडत नाही. पडलीच तर गार पाण्यात, साबणाच्या पावडरीशिवाय, न पिळता धुवावे आणि उन्हात न घालता आडवे पसरून वाळवावे. भिंतीवर लावायचे असल्यास काचेमागे न दाबता वरच्या बाजूने लाकडी पट्टीवर टांगावे आणि खिडकीचे ऊन त्यावर पडणार नाही अशी जागा निवडावी.